तडा कधी गेला, हे कुणी सिद्ध करायचं?

"तुमच्याकडूनच लागलं असेल." नवं फर्निचर मोडकं निघाल्यावर विक्रेत्याला फोन केला की हे वाक्य कधी सरळ, कधी आडवळणाने कानावर येतं. "आमच्याकडून निघताना माल व्यवस्थित होता." "बसवताना काही झालं का?" "घरात लहान मुलं आहेत का?" पैशांच्या नुकसानीपेक्षा मला या वाक्यांचा जास्त त्रास होतो. आपण पैसे दिले, वाट पाहिली, भिंतीशी जागा मोकळी करून ठेवली. वस्तू त्यांनी बनवली, त्यांनी बांधली, त्यांनी पाठवली. आणि उलटतपासणी मात्र आपली.

ग्राहकाचे हक्क म्हटलं की दुरुस्ती, बदली, पैसे परत अशी यादी समोर येते. पण त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरावी लागते. तडा आधीचा की नंतरचा, हे सिद्ध करायचं ओझं कुणावर? ते ग्राहकावर असेल तर यादीतले बाकीचे हक्क कागदावरच राहतात. विक्रेत्यावर असेल तर पहिल्या फोनपासूनच बोलण्याचा सूर बदलतो. ग्राहक कायद्यांच्या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे ओझं हळूहळू, फार मुश्किलीने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकणं.

फर्निचरच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच बोचतो. शर्ट उसवलेला निघाला तर पिशवीत घालून परत नेता येतो. तीन दारांचं कपाट कसं नेणार? ते कारखान्यातून गोदामात, तिथून ट्रकमध्ये, मग दुसऱ्या गोदामात, मग छोट्या टेम्पोत आणि शेवटी जिन्यावरून घरात येतं. दर टप्प्याला कुणीतरी ते उचलतं, टेकवतं, आडवं ठेवतं, त्यावर दुसरं काहीतरी रचतं. खोका सगळा वेळ बंद असतो, त्यामुळे मार कुठे बसला हे वाटेतल्या कुणाला कळत नाही. तो पहिल्यांदा दिसतो ग्राहकाला, म्हणजे ज्याने या प्रवासातला एकही टप्पा पाहिलेला नाही अशा माणसाला. आणि विचारलं जातं त्यालाच.

त्यात हल्लीचं बरंचसं फर्निचर पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं. लाकडाचे बारीक तुकडे किंवा तंतू रेझिनमध्ये घट्ट दाबून केलेल्या या फळ्या सपाट अंगाने चांगलं वजन पेलतात, पण कडेला आणि कोपऱ्याला नाजूक असतात. भरीव लाकडाची फळी कोपऱ्यावर आपटली तर पोचा पडतो. पार्टिकल बोर्डचा कोपरा आतून भुगा होतो, आणि वरचं लॅमिनेट कधीकधी तसंच चकचकीत राहतं. बोटाने दाबून पाहिल्याशिवाय समजत नाही. ओल लागली तर कड फुगते आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. स्क्रूचं तर विचारूच नका. या फळीत एकदा घट्ट बसलेला स्क्रू काढून पुन्हा पिळला की पकड सैल होते. म्हणून "खोलून पुन्हा बसवून देतो" हा तोडगा ऐकायला सोपा वाटला, तरी प्रत्येक खोलण्यागणिक वस्तूचं आयुष्य कमी होतं.

आमच्याकडे आलेल्या एका कपाटाची मागची पातळ फळी तडकलेली होती. खोका उघडला तेव्हाच दिसलं. फोनवरचा मुलगा सौजन्याने बोलत होता, पण त्याचं म्हणणं एकच: "मॅडम, ती भिंतीकडे जाणार, कुणाला दिसणार आहे?" पटकन पटावं असंच ते वाक्य आहे. भांडायला कुणाला आवडतं?

पण कपाटाची मागची फळी शोभेसाठी नसते. दोन उभ्या बाजू, वरची आणि खालची फळी मिळून एक चौकट होते, आणि नुसती चौकट बाजूने ढकलली की तिरकी होते. तिला काटकोनात धरून ठेवण्याचं काम ती मागची पातळ फळी करते. ती तडकली, किंवा ती जिथे बसते ती खाच फुटली, की कपाट हळूहळू कलतं. मग दारं एकमेकांना घासायला लागतात, खण अडकतात, बिजागऱ्यांवर ताण येतो. हे सगळं होतं काही महिन्यांनी, तोवर परत करण्याची मुदत उलटून गेलेली असते. मी त्या मुलाला हेच समजावून सांगितलं आणि फळी बदलून मागितली. बऱ्याच दिवसांनी, त्याच्या वरिष्ठांना फोटो आणि ईमेल पाठवल्यावर, ती आली. त्या मुलाला दोष द्यावासा मला तेव्हाही वाटला नाही. त्याला जे उत्तर द्यायला शिकवलं होतं ते तो देत होता. शिकवणाऱ्यांना मात्र मागची फळी काय करते हे पक्कं ठाऊक असणार.

"नुसतं दिसायला खराब आहे" या शेऱ्याकडे म्हणूनच मी सावधपणे पाहते. टेबलाच्या वरच्या टफन्ड काचेच्या कडेचा टवका उडालेला असेल तर तो नुसता ओरखडा नसतो. ही काच तापवून झटकन गार केलेली असते, तिच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला असतो, आणि तिची कड हीच तिची कमकुवत बाजू. कडेला मार बसलेली काच पुढे कधीतरी, काही विशेष न होता, एकदम तुकडे होऊन कोसळू शकते. पलंगाची तडकलेली पट्टी, खुर्चीच्या पायाच्या सांध्याजवळची केसासारखी भेग, यांचंही तसंच. उंच कपाट भिंतीला बांधायची पट्टी किंवा तिचे स्क्रू खोक्यात नसतील तर ती "छोटीशी वस्तू राहिली" अशी गोष्ट नव्हे. कपड्यांची कपाटं आणि खणांची टेबलं मुलांच्या अंगावर कोसळून इतके मृत्यू झाले की अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये त्यासाठी खास कायदा झाला, आणि कपडे ठेवायच्या कपाटांच्या स्थिरतेची चाचणी सक्तीची झाली.

आता सिद्ध करायच्या ओझ्याकडे येते. जुन्या व्यापारी कायद्याचा पाया होता: घेणाऱ्याने पाहून घ्यावं. बाजारात समोरासमोर उभं राहून, फळी ठोकून, खण ओढून पाहून खरेदी व्हायची तेव्हा त्यात काही न्याय होता. बंद खोक्यातल्या, फोटोवरून निवडलेल्या वस्तूत पाहून घेणार काय? अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी 15 मार्च 1962 रोजी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणं ऐकलं जाण्याचा. त्या तारखेवरूनच जागतिक ग्राहक हक्क दिन ठरला. 1985 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केनेडींच्या यादीतला चौथा हक्क मला फार जवळचा वाटतो, कारण मोडक्या कपाटाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात आधी तोच लागतो.

पण ऐकून घेणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. खरा पल्ला युरोपात गाठला गेला. 1999 च्या युरोपीय निर्देशात, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमांत, एक छोटंसं गृहीतक आलं: वस्तू मिळाल्यापासून 6 महिन्यांत दोष दिसला तर तो मिळतानाच होता असं मानायचं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी विक्रेत्याची. 2019 च्या नव्या निर्देशाने ही मुदत 1 वर्ष केली, सदस्य देशांना ती 2 वर्षांपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि 1 जानेवारी 2022 पासून ते नियम लागू झाले. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या 30 दिवसांत सदोष वस्तू नाकारून पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क दिला. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलीची एक संधी मिळते, आणि ती फसली तर वस्तू नाकारण्याचा हक्क पुन्हा जिवंत होतो.

या गृहीतकाची व्याप्ती किती, हे 2015 मध्ये युरोपीय न्यायालयाने एका डच खटल्यात स्पष्ट केलं. एका बाईंनी घेतलेल्या जुन्या मोटारीने काही महिन्यांत चालता चालता पेट घेतला. पुढे गाडी भंगारात गेली, त्यामुळे आगीचं कारण शोधायला पुरावाच उरला नाही. न्यायालयाने म्हटलं की वस्तूत खोट आहे आणि ती मुदतीत दिसली, एवढं ग्राहकाने दाखवावं. ती कशामुळे आली आणि तिला विक्रेता जबाबदार आहे, हे ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही. कपाटाच्या भाषेत बोलायचं तर "फळी तडकलेली आहे आणि ती मला या तारखेला दिसली" इतकं सांगून ग्राहकाचं काम संपतं. ट्रक कुठल्या खड्ड्यात आदळला ते त्याने शोधत बसायचं नाही.

तरीही डिलिव्हरीची ती काही मिनिटं फार महत्त्वाची असतात. दारात दोन माणसं घामाघूम उभी असतात, खाली गाडी थांबलेली असते, आणि पुढे केलेल्या कागदावर किंवा मोबाइलवर "माल चांगल्या स्थितीत मिळाला" असं आधीच छापलेलं असतं. या माणसांना खोळंबून ठेवायला मलाही जड जातं. त्यांना दिवसभरात किती घरं गाठायची असतात ते त्यांचं त्यांना माहीत. म्हणून मी पाणी विचारते आणि निदान खोक्याचे कोपरे तरी त्यांच्यासमोर पाहते. चेपलेला कोपरा, ओलीचा डाग, फाटून पुन्हा चिकटवलेली टेप दिसली की सहीच्या वर तेवढंच लिहायचं: डावा कोपरा चेपलेला, आतला माल पाहिलेला नाही. रागाचा एकही शब्द नको. मोबाइलवर लिहायची सोय नसेल तर त्या क्षणी खोक्याचा फोटो काढून विक्रेत्याला मेसेज करावा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

सही झाली म्हणजे सगळं संपलं, असा एक समज पसरवला जातो. तो खरा नाही. भारताचा मालविक्री कायदा 1930 चा, ब्रिटनच्या 1893 च्या कायद्याच्या वळणावर बेतलेला. त्याचं कलम 41 सांगतं की आधी न पाहिलेला माल आला, तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असं मानता येत नाही. खोका दारात घेणं म्हणजे माल पसंत पडल्याची कबुली नव्हे. मात्र कलम 42 ची दुसरी बाजूही आहे. वाजवी वेळ उलटून गेला आणि खरेदीदार गप्पच राहिला, तर तो स्वीकार धरला जातो. म्हणून खोका आठवडाभर कोपऱ्यात बांधलेला ठेवू नये. आणि कलम 43 तर मोठ्या फर्निचरसाठीच लिहिलंय असं वाटतं: वेगळा करार नसेल तर, योग्य कारणाने माल नाकारणाऱ्याला तो परत पोचवायचं बंधन नाही, नाकारल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे. "तुम्ही आणून द्या, मग बघू" म्हणणाऱ्याला हे नक्की सांगावं.

"48 तासांत कळवलं नाही तर तक्रार चालणार नाही" अशा अटी कुठून येतात, हेही जाणून घेण्यासारखं आहे. मालवाहतुकीच्या करारांत अशा मुदती जुन्याच आहेत. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या 1956 च्या जिनिव्हा करारात, वरून दिसणारं नुकसान माल घेतानाच नोंदवायचं आणि न दिसणारं 7 दिवसांत लेखी कळवायचं असं आहे, रविवार आणि सुट्ट्या सोडून. वाहतूकदाराकडून भरपाई मिळवायची तर माल पाठवणाऱ्याला अशा मुदती पाळाव्या लागतात. त्यांचा आपसातला हिशेब ग्राहकाच्या डोक्यावर ठेवला जातो, आणि मुदत चुकली की ग्राहकाचाच हक्क बुडाला असं भासवलं जातं. लवकर कळवावं हे खरंच, त्यात आपलंच हित आहे. पण ट्रक विक्रेत्याने ठरवला असेल तर ट्रकवाल्याशी झगडायचं काम विक्रेत्याचं.

तडासुद्धा बोलतो, तो वाचता आला पाहिजे. भरीव लाकडातल्या भेगेत पॉलिश उतरलेलं दिसलं तर ती पॉलिशच्या आधीची, म्हणजे कारखान्यातली. आत कोरं, फिकट लाकूड आणि ताजे तंतू दिसले तर ती पॉलिशनंतरची, बहुधा वाटेतली. खोक्यावर खूण नाही आणि आतल्या फळीचा कोपरा मात्र चुरलेला, तर बांधण्याआधीच काहीतरी झालं असण्याची शक्यता मोठी. म्हणून फोटो नुसत्या तड्याचा नको. तडा, त्याच्या जवळचं पॅकिंग, खोक्यावरचं लेबल आणि पूर्ण वस्तू, असे सगळे घ्यावेत. पॅकिंग लगेच भंगारात देऊ नये. जागा अडते, घरातली माणसं कुरकुरतात, तरी वाद मिटेपर्यंत थर्माकोल जपून ठेवावा.

आणि मोडकी फळी दिसत असताना वस्तू जोडू नये. जोडली तर "जोडताना तुम्हीच तोडली" म्हणायला वाव मिळतो. पण जोडल्यावरच दोष कळला तर? त्याचंही उत्तर कायद्याने शोधलं आहे. 2011 मध्ये युरोपीय न्यायालयासमोर दोन जर्मन प्रकरणं एकत्र आली. एकात घरात बसवून झालेल्या फरशा सदोष निघाल्या, दुसऱ्यात डिशवॉशर. विक्रेते नवी वस्तू द्यायला बांधील होते, पण बसवलेली जुनी काढायची कुणी? न्यायालयाने ते काम किंवा त्याचा वाजवी खर्च विक्रेत्यावर टाकला. पुढे 2019 मध्ये फोनवरून मागवलेल्या एका मोठ्या तंबूच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की दुरुस्तीसाठी वस्तू कुठे द्यायची हे ठरवताना ग्राहकाची मोठी गैरसोय होता कामा नये, आणि वस्तू जड, अवजड किंवा नाजूक असेल तर ती विक्रेत्याकडे पाठवणं हीच मोठी गैरसोय असू शकते. कपाट जिन्यावरून खाली उतरवून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला न्यायालय लागत नाही, पण न्यायालयाने सांगितलं याचा मला आनंद आहे.

आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, आणि तो बराच पुढे गेलेला आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे छापील वाक्य सदोष वस्तूपुढे टिकत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजारातला विक्रेता सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणू शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. तरीही झालं नाही तर 1915 या हेल्पलाइनवर सांगता येतं. ग्राहक तक्रार निवारण आयोगात जायचं तर 2 वर्षांच्या आत, आणि विक्रेता कुठेही असो, आपण राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात. वकील सक्तीचा नाही, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

एवढं सगळं असून ते छोटं गृहीतक मात्र आपल्या कायद्यात नाही. पहिल्या 6 महिन्यांत दिसलेला दोष आधीचाच मानावा, असं एकही कलम त्यात नाही. प्रयोगशाळेत तपासणी मागता येते, पण खटल्याची सुरुवात ग्राहकाच्याच पुराव्याने होते. एक कपाट बदलून घ्यायला माणूस किती वेळ देणार? बहुतेक जण तड्यावर चिकटपट्टी लावतात आणि कपाट भिंतीला सरकवतात. विक्रेत्यांना हे माहीत आहे, आणि "तुमच्याकडूनच लागलं असेल" हे वाक्य त्याच भरवशावर उभं आहे. ते गृहीतक आपल्याकडेही यावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

तोवर फोनवर सवलत देऊ केली जाईल. "ठेवून घ्या, थोडे पैसे कमी करतो." कडेला खरचटलं असेल, वस्तू मजबूत असेल, तर घ्यायला हरकत नाही. पण सवलत घेताना लेखी हवं की ती कुठल्या खोटीसाठी आहे, नाहीतर पुढे दार निखळलं तरी "तुम्ही सवलत घेतली होती" हे ऐकावं लागतं. सांध्यात, काचेत, मागच्या फळीत किंवा वजन पेलणाऱ्या कुठल्याही भागात तडा असेल तर सवलत घेऊ नये. बदलीच मागावी. बदली आली की पहिल्या वेळेसारखंच सगळं पुन्हा: खोक्याचे कोपरे, फोटो, सहीवरचा शेरा. वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरणार, हे ईमेलवर विचारून ठेवावं. नवी वस्तू उघडून पाहिल्याशिवाय जुनी हातची सोडू नये, आणि ती नेणाऱ्याकडून "काय नेलं, कुठल्या स्थितीत नेलं" असं लिहून त्यावर त्याची सही घ्यावी.